दोन बायकांच्या कमाईचं घर

प्रिय भागू,

मी तुला पत्र लिहितेय, याचंच तुला हसू येईल. इतकी वर्षं एका खोलीत काढली आपण, पत्राची गरज कधी पडली? आणि लिहिलं असतं तरी तू पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली असतीस, "हे काय खरडलंय, बाई? तोंडानं सांगा की!"

आता तोंडानं सांगायची सोय राहिली नाही. म्हणून लिहिते.

आज शाळेतून आले, तर जिन्यात नवीन शेजारीण भेटली. पलीकडच्या खोलीत राहायला आलीय, नवरा बँकेत आहे. तिनं कुणाकडून तरी ऐकलं असावं. हळूच म्हणाली, "त्या गेल्या, त्या तुमच्या कोण होत्या?"

"माझ्या घरच्या होत्या."

"बहीण का?"

"नाही."

"मग मामेबहीण? आतेबहीण?"

मी पुन्हा तेवढंच म्हटलं, "घरच्या होत्या." ती ओशाळली आणि वाटीभर आमटी देऊन गेली. वाईट नाही गं ती. पण तू गेल्यापासून मला हे विचारणारी ती पहिलीच. इतके दिवस सगळे 'बाईंची सोबत गेली' म्हणत होते. सोबत! अंधारात जाताना कंदील नेतात, तशी. आमटी खाल्ली, वाटी घासली आणि लिहायला बसले. हे सगळं ज्या एका माणसाशी बोलता आलं असतं, ते तूच होतीस ना?

आपली पहिली भेट भांडणाची, आठवतं? मी साखर पेठेत रंगय्या शेठच्या चादरींच्या कारखान्यावरची ही खोली नुकतीच घेतली होती. खाली दिवसभर माग खडखडायचे. सहामाहीच्या वह्या तपासायच्या होत्या, डोकं ठणकत होतं. मी तणतणत खाली आले. दारातच तू मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसली होतीस, केसांवर, भुवयांवर, सगळीकडे कापसाची पांढरी लव. मी म्हटलं, "अहो, तासभर तरी हे थांबवता येईल का? मला काम आहे."

तू वरसुद्धा पाहिलं नाहीस. "माग थांबला की आमची मजुरी थांबती, बाई. तुमचं लिवणं थांबलं तर तुमचा पगार थांबतो का?"

मी तणतणतच वर आले. संध्याकाळी तू जिना चढून आलीस, हातात शेंगाचटणीची पुडी. म्हणालीस, "लई बोलले का मी? शेंगा मंद्रूपच्या हाईत, आमच्याकडच्या."

तू त्या बहात्तरच्या दुष्काळात मंद्रूपहून आली होतीस. आधी रस्त्याच्या कामावर खडी फोडलीस, मग कुणाच्या तरी ओळखीनं शहरात कांड्या भरायला. लग्न लहानपणीच झालं होतं, नांदायला गेलीस आणि वर्षाच्या आत परत आलीस. त्या माणसानं दुसरी केली. कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "जमलं न्हाय." सगळ्यांना वाटायचं, दारू पीत असेल, मारत असेल.

मला मात्र तू खरं सांगितलंस. तोवर आपण जेवण एकत्र करायला लागलो होतो. तू भाकरी थापत होतीस, मी स्टोव्हला पंप मारत होते. तू एकदम म्हणालीस, "त्यो मानूस चांगला हुता, बाई. हात उचलला न्हाय, शिवी दिली न्हाय. माझ्यातच न्हाय ते. बाप्याची वडच न्हाय मला. देव द्यायलाच इसरला."

माझ्याकडे पदवी होती, बी.एड. होतं, भिंतीला पुस्तकांचं कपाट होतं. सांगून आलेली चार स्थळं मी कसल्या कसल्या सबबी सांगून परतवली होती. आई गेली तरी तिला खरं कारण कळलं नाही. मला स्वतःलाच कुठं धड सांगता येत होतं? आणि तू भाकरी उलटता उलटता ते सांगून मोकळी झालीस!

"मलाही द्यायला विसरला असेल," मी म्हटलं.

तू भाकरी तव्यावरच ठेवून माझ्याकडे पाहिलंस. भाकरी करपली. ती करपलेली भाकरी आपण अर्धी अर्धी खाल्ली आणि त्यानंतर तू तुझ्या खोलीवर झोपायला गेली नाहीस.

लोक किती खूश झाले! घरमालकीण म्हणाली, "बरं झालं हो, बाईमाणसाला सोबत पाहिजेच." एखादा पुरुष जिना चढून आला असता तर गल्ली पेटली असती. आपण त्यांच्या डोळ्यांपुढे होतो, आणि त्यांना दिसत नव्हतो. तू त्याचा मजेत फायदा घ्यायचीस. चारचौघांत "अहो बाई", आणि दार लागलं की "ए बाई, चहा टाक की!"

पण भागू, न दिसण्याची किंमतही होती. ती आपल्याला पगाराच्या दिवशी कळायची.

माझ्या शाळेच्या पगारात एकीचं बरं चाललं असतं. पण पुण्याला दादाला दर महिन्याला मनिऑर्डर जायची. तो वाईट नाही, पण त्याचा हिशोब सरळ होता: "तुला काय खर्च? एकटा जीव." शाळेतही तेच. रविवारची परीक्षा, सहल, मतदार याद्यांचं काम, सगळं माझ्या वाट्याला. "बाई, तुम्हाला कुठं घरी जायची घाई आहे?" मला घाई असायची. घरी तू असायचीस. पण हे सांगणार कसं?

आणि मग मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. ज्येष्ठता माझी होती, निकाल माझ्या विषयाचा चांगला होता. संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावून खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण तुम्ही एकट्या. जास्त पगार घेऊन करणार काय? हिरेमठ सरांना तीन मुली उजवायच्या आहेत."

मी घरी येऊन तुला सांगितलं. तू कांद्याची पात निवडत होतीस. चिडून म्हणालीस, "मुली त्येंनी जन्माला घातल्या का शाळेनं?"

मला हसू फुटलं. पण तू हसली नाहीस. तुझ्या मनात काहीतरी चाललं होतं. "हितं तुमाला न्हवरा न्हाय म्हणून कमी. आणि कारखान्यात त्या यल्लूबाईला न्हवरा हाय म्हणून कमी. शेठ म्हणतो, तुझा घरधनी कमावतो की! मग जास्ती मिळतं कुणाला, बाई?"

मी बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलं होतं. त्यात मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तुला मागावर जायचं होतं. कांड्या भरणं बायकांचं, माग चालवणं पुरुषांचं, आणि मजुरीत जमीनअस्मानाचा फरक. माग तू नुसता बघून बघून शिकली होतीस. जेवायच्या सुट्टीत एखादा गडी उठला की तू त्याचा माग सांभाळायचीस. तुटलेला धागा तुझ्या बोटांत असा गाठला जायचा की गाठ शोधून सापडू नये. दिवाळीच्या आधी मोठी मागणी आली आणि एक विणकर भिवंडीला निघून गेला, तेव्हा रंगय्या शेठनं नाइलाजानं तुला त्याच्या मागावर उभं केलं. तू त्या दिवशी रात्री जेवताना हात हलवून हलवून दाखवत होतीस, धोटा धागा घेऊन इकडून तिकडे कसा पळतो ते!

हप्त्याच्या दिवशी शेठनं पैसे हातावर ठेवले. नगामागे दर गड्यांपेक्षा कमी. तू तिथंच उभी राहिलीस. पुढचं तू मला इतक्या वेळा सांगितलंस, की मी तिथं हजर होते असंच वाटतं.

"शेठ, चादर कमी हाय का माझी?"

"चादर चांगली हाय की. कोन न्हाय म्हनतो?"

"मग दर कमी का?"

"भागू, त्येंना बायकापोरं हाईत. तुला कोन हाय?"

"मलाबी घर हाय."

"घरात कोन हाय?"

सगळा कारखाना ऐकत होता. मागसुद्धा थांबले होते म्हणे. आणि तू म्हणालीस, "हाय एक मानूस."

भागू, तू खोटं बोलली नाहीस. माणूस म्हणजे माणूस. पण रंगय्या शेठला त्यात पुरुष दिसला. त्याला वाटलं, तू एकटीच कमावतेस, म्हणजे तुझा नवरा आजारी पडून तुझ्याकडे परत आलाय. त्याचा चेहराच बदलला. "मग आधी सांगायचं की, येडे! घरात गडी पडून हाय आनि तू गप बसलीस व्हय?" आणि त्यानं उरलेले पैसे मोजून तुझ्या हातावर ठेवले. गड्यांचाच दर!

तू जिना धडाधड चढत आलीस. दार लावलंस आणि हसत सुटलीस. "बाई, तुमी आता माझा न्हवरा! आजारी हाय, अंथरुणातनं उठू नगा!" मीही हसले. किती हसलो आपण! पोट दुखेपर्यंत. त्या आठवड्यात तूप आणून आपण पुरणपोळीबरोबर खाल्लं, सण नसताना.

मग दोन दिवसांनी पाहिलं, तू भिंतीला टेकून गप्प बसली होतीस. "काय झालं?" तू म्हणालीस, "राबले मी. आणि पैसं मिळालं त्या नसलेल्या बाप्याला."

मी समजूत घातली. म्हटलं, पैसे तर आपल्याच घरात आले ना? मिळतंय ते घे, कुणाला कळणार आहे? शहाणपणाचंच बोलत होते मी. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "उद्या त्यो इचारंल, कसा हाय तुझा मानूस? मग मी काय सांगू, खोकला कमी हाय म्हणून? तुमच्या अंगावर मी खोटा आजार घालू? न्हाय जमायचं."

दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर शेठला सांगितलंस, "शेठ, बाप्या न्हाय घरात. वर मालतीबाई हाईत न्हवं? त्याच माझं मानूस. त्येंच्यासाठी आणि माझ्यासाठी मी कमावते. आता दर द्या, न्हायतर नगा देऊ."

हे ऐकलं तेव्हा मी आधी दार लावून घेतलं. संस्थेत कळलं तर? नोकरी गेली तर? तुझ्यावर मी किती रागावले! तू मात्र शांत. "बाई, घाबरू नगा. कुणाला काय बी कळलं न्हाय. सगळी म्हनली, भागूचा जीव हाय बाईंवर, माउली हाईत तिची."

खरंच, कुणाला काही कळलं नाही. शेठनं काय केलं? तो खाली बघत म्हणाला, "मग बाई तर पगारदार हाईत. तुला काय कमी!" आणि दर परत खाली आला.

बघ ना! नवरा असला तरी कमी, नसला तरी कमी, आणि ज्या माणसासाठी राबायचं ते माणूस बाई निघालं, तरीही कमी.

तू काम सोडलंस. मला न विचारता. आठवडाभर तू घरात भांडी आपटत होतीस. मी एक दिवस ट्रंक उघडून आईच्या पाटल्या बाहेर काढल्या. माझ्या लग्नासाठी तिनं जपून ठेवलेल्या. जाताना माझ्या हातात देऊन म्हणाली होती, "मालू, मोडू नकोस हं, लग्नातच घाल."

मी त्या तुझ्यापुढं ठेवल्या आणि म्हटलं, "जुना माग मिळतोय अशोक चौकात. बघून ये."

तू हात मागे घेतलास. "बाई, ह्या लग्नाच्या हाईत."

"लग्नासाठीच काढल्यात."

तुला कळायला एक क्षण लागला. मग तुझा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. तरी तुझी बोलायची हौस काही जाईना. "इतक्या थोडक्यात उरकता व्हय? वरात कुटं हाय?"

वरात आली की! हातगाडीवर मागाचे लोखंडी भाग रचलेले, वर पोतं झाकलेलं, गाडीवाला ढकलतोय, आणि तू पुढं पुढं चालतेस, नवं हिरवं लुगडं नेसून. मी खिडकीत उभी. वर बघून तू गुपचूप हात हलवलास. घरमालकिणीनं मागच्या अंगणातली पत्र्याची खोली भाड्यानं दिली. माग जोडायला चार दिवस लागले. पहिल्यांदा तो सुरू झाला तेव्हा मी वर वह्या तपासत होते. आणि खरं सांगते, मला त्या खडखडाटाचा त्रास झाला नाही.

तुझी पहिली चादर व्यापाऱ्याकडे घेऊन गेलीस, तेव्हा मी बरोबर होते. त्यानं ती झटकली, उलटी केली, कडा ओढून पाहिली आणि भाव सांगितला. त्याच भावानं त्यानं आधीच्या माणसाची चादर घेतली होती. परतताना तू रस्त्यात मोठ्यानं म्हणालीस, "चादरीला न्हवरा लागत न्हाय, बाई!" दोन माणसं वळून बघायला लागली.

त्यानंतरची ती चार-पाच वर्षं! एका वर्षी तर तुझी कमाई माझ्या पगाराच्या वर गेली. ते तू मला सांगितलं नाहीस. मला वाईट वाटेल म्हणून. वेडी! मला कळलं ते संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत. दरवर्षी मी पाकीट काढायची, त्या वर्षी तू माझा हात दाबून ठेवलास. पाळण्याचे पैसे तू दिलेस, भजी तू घेतलीस, बांगड्या तू भरल्यास मला. "आज मी देनार. तुमी निस्त्या मिरवा." तुझ्या चालण्यात काय रुबाब होता! दादाची मनिऑर्डरसुद्धा तूच कमी करायला लावलीस. "पाठवा की, पण उरलं तर. आधी आपलं घर." 'आपलं घर' असं मोठ्यानं म्हणणारी तू पहिली.

आता एक रागवायचं आहे. तो खोकला तू किती महिने लपवलास? मी विचारलं की, "कापसाचं हाय, जाईल." मी डॉक्टरकडे चल म्हटलं की, "ही मागणी पुरी होऊ दे." भागू, मी तुझ्या छातीवर कान ठेवून झोपायची. आतली घरघर मला ऐकू येत होती. "म्हातारा माग हाय माझ्यात बी," असं म्हणून तू मला हसवलंस आणि वेळ घालवलास. हा राग अजून गेलेला नाही. कधी कधी भांडी घासताना मी तुझ्याशी भांडते.

दवाखान्यात तुझा भाऊ शिवाप्पा आला. मला भीती होती, तो काय म्हणेल. वॉर्डातल्या नर्सनं सांगितलं, रात्री एकच जवळचं नातेवाईक थांबेल. शिवाप्पानं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मग बाईच थांबतील. मी धर्मशाळेत पडतो." तुला ते ऐकू गेलं होतं. तू डोळे मिटून हसलीस.

शेवटचं पाणी द्यायची वेळ आली तेव्हा गावची चार माणसं जमली होती. तुळशीचं पान घातलेली वाटी शिवाप्पाच्या हातात होती. रीत त्याची होती. त्यानं सगळ्यांदेखत ती माझ्या पुढं धरली. "तुमीच द्या, बाई. तुमच्या हातचं पिऊनच जगली ती." निम्मं पाणी उशीवर सांडलं. पण तू प्यायलीस ना? मला वाटलं, तू प्यायलीस.

तू गेल्यावर दादा आला. तो मनापासून कळवळून म्हणाला, "बरं झालं म्हणवत नाही, पण आता तू मोकळी झालीस. जबाबदारी संपली. खोली सोड, पुण्याला ये. वहिनीला मदत होईल, तुझी बदलीही कुठल्या तरी संस्थेत बघू." मोकळी! मी त्याला चहा दिला, जेवायला घातलं आणि म्हटलं, "दादा, मी इथंच राहणार. हे माझं घर आहे." तो म्हणाला, "कोणाबरोबर?" मी म्हटलं, "माझ्याबरोबर." तो बिचारा गाडीची वेळ झाली म्हणून उठला.

आणि तुला एक सांगायचंच राहिलं. रंगय्या शेठ येऊन गेला.

इतक्या वर्षांत तो वर कधी आला नव्हता. उंबऱ्याबाहेरच चप्पल काढून खाली बसला. थकलाय आता. आधी घाम पुसला. मग म्हणाला, "बाई, तुमचं मानूस गेलं."

भागू, त्यानं 'सोबत' म्हटलं नाही. 'मैत्रीण' म्हटलं नाही. तुझाच शब्द त्यानं उचलला. इतक्या दिवसांत मला रडू फुटलं नव्हतं, ते तेव्हा फुटलं. म्हणजे त्या दिवशी भर कारखान्यात एका माणसाला तरी कळलं होतं! कळलं, आणि त्यानं ते इतकी वर्षं कुणापाशी काढलं नाही.

चहा झाल्यावर मी डोळे पुसून विचारलं, "शेठ, आता बायकांना मागावर घेता का?"

"घेतो की. दोगी हाईत."

"दर?"

त्यानं बशीकडे पाहिलं. "बाई, ते रिवाज हाय. कारखान्याचं हाय ते."

मला तो वाईट माणूस वाटत नाही. पण ज्याला तुझं माझं नातं समजलं, त्याला नगाचा दर समजू नये? मग मी उलट बाजूनं विचार करते. चिटणीसांना आपलं नातं कधी समजलं नसतं, पण त्यांना पटवलं असतं तर ज्येष्ठतेचा नियम कदाचित समजला असता. एकाला माया कळते, एकाला नियम कळतो. दोन्ही एकत्र कळणारं माणूस मी तुझ्याशिवाय पाहिलं नाही. तू भाकरी थापता थापता एक आणि पात निवडता निवडता दुसरं सांगून टाकलं होतंस.

जाताना त्यानं मागाला गिऱ्हाईक आहे असं सांगितलं. भाव चांगला होता. मी म्हटलं, माग विकायचा नाही.

त्याच्याकडची यल्लूबाई, तुझ्या शेजारी कांड्या भरायची आणि तुझं बघून माग शिकली ती, आता आपल्या मागावर येते. पहिल्या दिवशी ती आपल्या घरचं सगळं सांगायला लागली, नवऱ्याचं, सासूचं, पोरांचं. जणू त्यावरच मजुरी ठरणार होती. मी म्हटलं, "ते सगळं जेवताना सांग. गड्यांचा जो दर आहे, तोच तुझा." तिला खरं वाटेना. हप्त्याच्या दिवशी पैसे दोनदा पदरात बांधले आणि दोनदा सोडून पाहिले.

आणि भागू, गेल्या रविवारी मी मागावर उभी राहिले. हसू नकोस! यल्लूबाई शिकवत होती. धागा तुटला, मी गाठ मारली, तर ती अशी झाली की यल्लूबाई म्हणाली, "बाई, ही गाठ हाय का बोर?" फळ्यावर इतकी वर्षं लिहून माझी बोटं आडमुठी झालीत. पायाला गोळे आले. कानात संध्याकाळपर्यंत खडखड. तू दिवसभर हे करून वर जिना चढून येऊन भाकऱ्या थापायचीस, आणि मी म्हणायची, आज जरा जाड झाल्यात!

आता तुला शब्द देते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रोज मागावर उभी राहणार, आणि एक चादर माझ्या हातानं पुरी करणार. ती वाकडी होणार, कडा ओढलेल्या असणार, मधे बोराएवढ्या गाठी असणार. बाजारात तिला कुणी दमडी देणार नाही.

ती आपण ठेवू.

तुझी,
मालती